बार खाली घ्या, मतं विचारत बसू नका

प्रिय ताई,

आम्ही डेन्व्हरजवळ राहतो. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी सहा. चार मराठी कुटुंबांचा आमचा ग्रुप आहे आणि हिवाळ्यात शनिवार-रविवार सगळे मिळून स्कीइंगला जातो. नवऱ्याला आणि मुलांना छान जमतं, मी अजून सोप्या उतारांवरच असते. माझं दुखणं उताराचं नाही, वर नेणाऱ्या चेअरलिफ्टचं आहे. खुर्चीला डोक्यावरून खाली ओढायचा बार असतो, पण आमच्या ग्रुपमध्ये तो कुणी घेतच नाही. गेल्या आठवड्यात मुलगा ग्रुपमधल्या दोन काकांच्या मध्ये बसून वर गेला. मागच्या खुर्चीवरून मला दिसत होतं, बार वरच, आणि हा पठ्ठ्या मागे वळून मला हात करतोय. वर पोचल्यावर मी विषय काढला तर एक जण म्हणाला, "वहिनी, इथे कुणी बार घेत नाही, अगदीच नवखे वाटतो आपण." नवरा म्हणाला, "डोंबिवलीहून व्हीटीला वर्षानुवर्षं दारात लटकून गेलोय, हे काय घेऊन बसलीस." सगळे हसले, मी गप्प बसले. मी उगाच घाबरते का? कायदा काय सांगतो? शेजारी अनोळखी माणसं असली तर त्यांना बार खाली घ्यायला सांगणं बरं दिसतं का? स्की स्कूलमध्ये मुलं लिफ्टवर कुणाबरोबर बसतात तेही मला कळत नाही. आणि डिसेंबरात सासूबाई येणार आहेत, त्यांना लिफ्टमधून बर्फ दाखवायचा बेत चाललाय.

– भीडस्त आई, कोलोरॅडो

नमस्कार,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, म्हणजे बाकीचं शांतपणे वाचाल. तुम्ही उगाच घाबरत नाही आहात. खाली पंचवीस-तीस फूट मोकळी हवा, पुढे आडवं काहीच नाही, आणि नऊ वर्षांचं मूल मागे वळून हात करतंय, हे बघून तुमच्या पोटात गोळा आला नसता तर मला जास्त काळजी वाटली असती. खुर्चीला बार असेल तर तो खाली घ्यायचा. प्रत्येक वेळी, लिफ्ट छोटी असो की मोठी, ऊन असो की वारा. यात मतदान नसतं. खुर्चीवरच्या चौघांपैकी एकाला जरी तो हवा असेल तरी तो खाली यायला हवा, मग तो एक जण नऊ वर्षांचा का असेना.

तुमच्या यजमानांचं लोकलचं उदाहरण मी उडवून लावणार नाही, कारण ते म्हणणारे ते एकटे नाहीत, आणि त्याला नीट उत्तर मिळायला हवं. लोकलच्या दारातला माणूस दोन्ही पायांवर उभा असतो. त्याचा हात दांड्याला घट्ट असतो, आणि मागची गर्दीच त्याला निम्मा धरून ठेवते. तरीही त्या दारातून माणसं पडतात, मरतात, हे डोंबिवलीच्या माणसाला मी काय सांगणार. चेअरलिफ्टवर यातलं काहीच नसतं. पाय अधांतरी. पायांत कडक प्लास्टिकचे बूट, बुटांना स्की अडकवलेल्या. मोठ्या माणसाच्या गुडघ्यांखाली आठ-दहा किलोंचं ओझं लोंबत असतं आणि ते त्याला सतत पुढे ओढत असतं. अंगावर निसरडी जॅकेट-पँट, बुडाखाली ओलं नाहीतर गोठलेलं सीट. हातांत जाड मोजे, एका हातात पोल, म्हणजे स्कीइंगच्या काठ्या. धरायला म्हणाल तर कडेची दांडी कडेला बसलेल्या दोघांनाच मिळते. तुमचा मुलगा मधे बसला होता. बार वर असताना त्याला धरण्यासारखं काही नव्हतंच.

"काही होत नाही" हे वाक्य बहुतेक दिवशी खरंही असतं, म्हणूनच ते इतकं चिवट आहे. लिफ्ट चालत असते तेव्हा खुर्ची इतकी संथ जाते की बार निरुपयोगी वाटतो. पण लिफ्ट थांबते, आणि दिवसातून अनेकदा थांबते. वरच्या टोकाला कुणी उतरताना आडवं झालं, खाली कुणाचं मूल चढताना घसरलं, की अटेंडंट बटण दाबतो. साध्या जुन्या लिफ्टची केबल सेकंदाला सुमारे अडीच मीटर पळते, नव्या वेगवान लिफ्टची सुमारे पाच मीटर, म्हणजे ताशी अठरा किलोमीटर. ती थांबली की खुर्च्या झोका घेतात आणि दोन खांबांच्या मधली केबल वर-खाली उसळते. आता त्या क्षणी मूल काय करत असतं ते आठवून बघा. मोजा दाताने ओढत असतं, खिशातलं चॉकलेट काढत असतं, खालून जाणाऱ्या मित्राला वाकून हाक मारत असतं. मोठी माणसं फोन काढतात. नीट मागे टेकून बसलेल्याला झोक्याने फारसं काही होत नाही, पण मूल पूर्ण वेळ नीट टेकून बसेल अशी अपेक्षाच चुकीची आहे. बार त्या विसरलेल्या क्षणासाठी असतो.

क्वचित यंत्रच दगा देतं. तुमच्याच राज्यात, ग्रँबी रँच या स्की रिसॉर्टमध्ये, २९ डिसेंबर २०१६ रोजी सुट्टीसाठी टेक्सासहून आलेली एक आई आणि तिच्या दोन मुली खुर्चीतून खाली पडल्या. आई वाचली नाही. लिफ्टच्या विद्युत यंत्रणेत केलेल्या बदलांमुळे वेग एकाएकी कमी-जास्त होत होता, त्यात खुर्ची झोका घेऊन खांबावर आदळली, असं चौकशीत निघालं. जानेवारी २०२३ मध्ये यूटामधल्या पार्क सिटीत एक झाड लिफ्टच्या केबलवर कोसळलं आणि त्या हिसक्याने तिथलाच एक तरुण कर्मचारी खुर्चीतून फेकला जाऊन मरण पावला. हे अपघात फार दुर्मीळ आहेत. चेअरलिफ्टला घाबरून घरी बसा असं मी मुळीच म्हणत नाही. वर जाताना जितकी माणसं जखमी होतात त्याच्या कितीतरी पट उतरताना उतारावर होतात. मी एवढंच म्हणते की असा हिसका सांगून येत नाही आणि तो आल्यावर बार ओढायला वेळ मिळत नाही.

आता जी गोष्ट बार घेणारे लोकही विसरतात त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण मुलांच्या बाबतीत तिथेच खरा घोळ होतो. कोलोरॅडोत २००१ ते २०१२ या काळात चेअरलिफ्टवरून पडण्याच्या २२७ घटना तपासल्या गेल्या. त्यांतल्या ८६ टक्के घटनांचं मूळ स्वाराच्या स्वतःच्या वागण्यात होतं. यंत्राचा बिघाड किंवा चालवणाऱ्याची चूक फक्त २ टक्क्यांत. हे वाचून मला दिलासा वाटतो, कारण स्वाराचं वागणं आपल्या हातात आहे. आणि त्या वागण्यात बार हा दुसरा भाग आहे. पहिला आहे बसणं. अर्धवट बसलेल्या मुलापुढे बार ओढून काही साधत नाही.

म्हणून रांगेतच तयारी करायची. पोलचे पट्टे मनगटातून काढून दोन्ही पोल एका हातात. मफलर, जॅकेटच्या नाड्या, लांब वेणी आत कोंबलेली. मूल अटेंडंटच्या बाजूला, म्हणजे त्याला चटकन हात देता येईल अशा जागी, आणि त्याला लागून मोठं माणूस. दोन मुलं आणि तुम्ही एकट्याच असाल तर मधे तुम्ही. मग अटेंडंटला सरळ सांगा, "स्लो प्लीज, फॉर द किड्स." ते लिफ्ट हळू करतात, गरज पडली तर थांबवतातही, त्यांचं ते रोजचं काम आहे आणि मागच्या रांगेला दोन सेकंद थांबावं लागल्याने कुणाचं काही जात नाही. अमेरिकेतल्या स्की रिसॉर्टांमध्ये जी आचारसंहिता लावलेली असते तिच्यातही लिफ्टवर बसणं-उतरणं नीट यायला हवं आणि येत नसेल तर अटेंडंटची मदत मागा, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. मागायला लाजायचं कारण नाही.

बसायच्या रेषेवर उभं राहिलं की मान वळवून येणारी खुर्ची बघायची. सीट खाली पडलेलं आहे ना, वर दुमडलेलं तर नाही, हेही त्याच नजरेत दिसतं. खुर्ची गुडघ्यांच्या मागे टेकली की बसायचं आणि लगेच बूड मागे सरकवायचं, आपली पाठ खुर्चीच्या पाठीला लागेपर्यंत. लहान मुलाला खुर्ची उंच पडते. ते सीटच्या कडेवर टेकतं आणि तसंच राहतं. त्याच्या जॅकेटला मागून धरून त्याला आत ओढायचं काम मोठ्याचं. पाठ टेकली की बार. आणि बारला पाय ठेवायच्या दांड्या असल्या तरी सहा वर्षांच्या मुलीचे पाय तिथे पोचत नाहीत. ते पोचावेत म्हणून ती पुढे सरकते, आणि बारच्या खालून निसटण्याचा धोका तिथेच सुरू होतो. तिला सांगा, पाय लोंबू देत, पाठ सोडायची नाही. लहान मुलं बारखालून निसटू शकतात हे युरोपात चांगलंच ठाऊक आहे. फ्रान्समध्ये तर काही ठिकाणी मुलांना धातूची पट्टी बसवलेली बंडी घालतात आणि खुर्चीच्या पाठीतलं चुंबक त्यांना वरपर्यंत धरून ठेवतं. तुमच्याकडे ते चुंबक नाही, तेव्हा तुमचा हात तिच्या मांडीपुढे राहू द्या, बार असला तरी.

बसणंच फसलं तर काय? मार्च २०२२ मध्ये कोलोरॅडोतल्याच क्रेस्टेड ब्युट रिसॉर्टला एक सोळा वर्षांची मुलगी खुर्चीवर नीट बसू शकली नाही आणि लोंबकळत वर गेली. लोक थांबवा थांबवा म्हणून ओरडत होते तरी लिफ्ट वेळेत थांबली नाही, असं तिच्या बाजूने कोर्टात मांडलं गेलं. सुमारे तीस फुटांवरून पडून ती कायमची अधू झाली. तो खटला कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२४ मध्ये न्यायालयाने म्हटलं की पास घेताना सही केलेलं, अपघात झाल्यास दावा करणार नाही असं हमीपत्र रिसॉर्टला कायद्याने घालून दिलेल्या सुरक्षेच्या कर्तव्यांतून मोकळं करत नाही. कायद्याच्या दृष्टीने हा निकाल मोठा आहे. पण आई म्हणून तुम्ही त्यातून घ्यायचं ते वेगळं: चढताना गडबड झाली आणि खुर्ची अजून जमिनीलगत असेल, तर मुलाने खुर्चीचा नाद सोडून द्यायचा, तिथेच बर्फावर बसायचं आणि खुर्ची जाऊ द्यायची. दुसरी येतेच. हे मुलांना आधीच सांगून ठेवा, कारण खुर्ची चुकली म्हणजे आपली फजिती झाली असं वाटून ती तिला लटकून राहतात. आणि एकदा का उंची आली, तर मात्र सोडायचं नाही. दोन्ही हातांनी मुलाला धरायचं आणि खुर्चीवरच्या, मागच्या-पुढच्या सगळ्यांनी मिळून "स्टॉप" म्हणून ओरडायचं.

व्हँकुव्हरजवळच्या ग्राउस माउंटनवर २०१९ च्या हिवाळ्यात असंच एक आठेक वर्षांचं पोर खुर्चीला लोंबकळत होतं, शेजारच्या मोठ्या माणसाने त्याला वरून धरलेलं. खाली असलेल्या शाळकरी वयाच्या पाच मुलांनी बाजूचं कुंपणाचं जाळं उपसून आणलं, चादरीसारखं ताणून धरलं आणि पोराला ओरडून सांगितलं, आधी पायातल्या स्की झटकून टाक, मग उडी मार. त्याने तसं केलं आणि ते जाळ्यात पडलं, फार लागलं नाही. तुमच्या मुलाला ही गोष्ट जरूर सांगा. त्या पाच जणांना जे सुचलं ते भोवतीच्या मोठ्यांना सुचलं नव्हतं, हे ऐकायला मुलांना आवडतं, आणि स्की आधी झटकायच्या हे त्यात आपसूक लक्षात राहतं.

पाठीवरच्या सॅकबद्दलही लिहिते, कारण आपल्या ग्रुपांत पराठे, थर्मास आणि सगळ्यांचे जास्तीचे मोजे एकाच्या पाठीवर असतात. लिफ्टवर चढण्यापूर्वी सॅक पाठीवरून काढून पोटाशी घ्यायची, पट्टे गुंडाळून. पाठीवर ठेवली तर माणूस मागे टेकूच शकत नाही, आणि उतरताना पट्टा खुर्चीत अडकतो. जानेवारी २०१७ मध्ये कोलोरॅडोतल्या अरापाहो बेसिन रिसॉर्टला एका माणसाची सॅक उतरतानाच खुर्चीला अडकली, खुर्ची वळून त्याला घेऊन परत निघाली आणि पट्टा गळ्याभोवती आवळला जाऊन तो बेशुद्ध लोंबकळत राहिला. त्याच्याबरोबरचा एक तरुण दोरीवर तोल सांभाळत चालण्यात तरबेज होता. तो लिफ्टच्या खांबावर चढला, केबलवरून सरकत खुर्चीपर्यंत गेला, खालून स्की पेट्रोलने, म्हणजे उतारांवर मदतीला असणाऱ्या पथकाने, चाकू वर फेकला आणि त्याने पट्टा कापला. माणूस वाचला. केबलवर चालणारा मित्र दर वेळी बरोबर नसतो. सॅक पुढे घ्यायला मात्र पाच सेकंद लागतात.

आता कायदा. व्हरमाँट, न्यूयॉर्क आणि मॅसॅच्युसेट्स या राज्यांत बार वापरणं स्वाराला बंधनकारक आहे. कोलोरॅडोत तशी सक्ती नाही. तिथे १९६५ पासून लिफ्टवर देखरेख ठेवणारं सरकारी मंडळ आहे, लिफ्टची तपासणी कडक असते, पण बार घ्यायचा की नाही हे स्वारावर सोडलेलं आहे. म्हणजे "इथे कुणी घेत नाही" हे तुमच्या ग्रुपमधल्या भावजींचं निरीक्षण अगदीच खोटं नाही. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या रिसॉर्टांत बार न घेण्याची सवय जुनी आहे. पण तेच भावजी उद्या ऑस्ट्रियाला गेले तर बूड टेकायच्या आत शेजारच्याने बार खाली आणलेला असेल. आल्प्समध्ये बार वर ठेवून बसणाराच नवखा समजतात. आणि ही सवय काही कौशल्याची खूण नाही. वेगाने उतरता येण्याचा आणि खुर्चीत बसून राहण्याचा काय संबंध? उत्तम स्की करणाराही झोक्याच्या वेळी खुर्चीवर एक ओझंच असतो.

मला वाटतं, आपल्या लोकांत हे जास्त घडतं त्याला एक कारण आहे. आपल्यापैकी जवळजवळ कुणीच बर्फात वाढलेलं नाही. स्कीइंग आपण तिशीत, चाळिशीत, ऑफिसातल्या कुणाच्या नाहीतर ग्रुपमध्ये आधी शिकलेल्या मित्राच्या मागे मागे शिकतो. शिकवणी लावतो ती मुलांना. स्वतः मात्र बघून बघून उचलतो. त्यामुळे पहिल्याने जे केलं ते सगळ्यांचं होतं. तुमच्या ग्रुपमध्ये बार न घेण्यामागे कुणाचा विचार असेल असं मला वाटत नाही. कुणीतरी कधीतरी घेतला नाही, एवढंच. अशी सवय मोडायला भांडण लागत नाही, कुणीतरी वेगळं करायला लागतं. तुम्ही करा.

कसं करायचं तेही सांगते. वाद लिफ्टच्या रांगेत घालू नका आणि चार जणांसमोर तर नाहीच; तिथे नवरा मित्रांपुढे माघार घेणार नाही. घरी, मुलं झोपल्यावर बोला. "तू बेफिकीर आहेस" इथून सुरुवात केलीत तर लोकल परत निघेल. "मुलगा मधे होता, त्याला धरायला काही नव्हतं, तू स्वतः तिथे बसून बघ" असं म्हणा. मला खात्री आहे, बापाला हे चित्र डोळ्यांपुढे आलं की पुढचं फार बोलावं लागणार नाही. आणि मग घरचा नियम म्हणून मुलांसमोर दोघांनी मिळून सांगा: आपल्या घरातलं कुणीही ज्या खुर्चीवर असेल तिचा बार खाली. बाबांसह. मुलांना बार आणि बाबांना सूट असं ठेवलंत तर तेरा-चौदाव्या वर्षी मुलगा पहिली ती सूट मागेल.

अनोळखी माणसांना सांगणं बरं दिसतं का, असं तुम्ही विचारलंत. अहो, त्यात बरं न दिसण्यासारखं काही नाही. फक्त मान खाली घालून पुटपुटू नका आणि परवानगीही मागू नका. खुर्चीवर टेकताच मोठ्याने, हसऱ्या आवाजात, "बार कमिंग डाउन!" म्हणायचं, एक श्वास थांबायचं आणि मग हळू खाली आणायचा. थांबायचं कारण खरं आहे. न सांगता ओढलेला बार हेल्मेटवर टणकन बसतो, बारला मधे दांड्या असतील तर मांडीवर लागतो, कुणाचे पोल त्यात अडकतात. बार आवडत नाही म्हणणाऱ्या निम्म्या लोकांची तक्रार खरं तर बारबद्दल नसून अशा ओढणाऱ्यांबद्दल असते. आधी सांगितलंत तर लोक डोकी मागे घेतात, "शुअर" म्हणतात, आणि पुष्कळदा कुणीतरी हळूच "थँक्स" म्हणतं, कारण त्यालाही तो हवाच असतो, विचारायची हिंमत नसते. ग्रुपमधल्या भावजींना मराठीत सांगा: "बार घेतेय हं, डोकी सांभाळा." पुढे काही जोडू नका. कारण द्यायला लागलात की चर्चा सुरू होते.

मुलांनाही त्यांचं स्वतःचं वाक्य द्या, कारण प्रत्येक खुर्चीवर तुम्ही असणार नाही. "कॅन वी पुट द बार डाउन, प्लीज?" घरी सोफ्यावर बसवून, त्यांच्याकडून मोठ्याने म्हणवून घ्या. काकांना सांगणं उद्धटपणा नाही, हे आई-बाबांनी स्पष्ट शब्दांत सांगायला हवं. आपल्या मुलांना मोठ्यांना उलट बोलायचं नाही हे आपणच शिकवलेलं असतं, मग असल्या वेळी ती गप्प बसतात यात त्यांचा दोष नाही. मुलगा खुर्चीवरच्या तिघांना बार घ्यायला लावतो, याचं चारचौघांत कौतुकही करा.

स्की स्कूलचं सोपं आहे: विचारा. सकाळी मुलांना सोडताना शिक्षकाला तीन गोष्टी विचारायच्या. लिफ्टवर माझ्या मुलीशेजारी कोण बसणार? बार घेणं तुमच्याकडे नियम आहे का? वर्गातली मुलं जास्त असतील तर उरलेली कुणाबरोबर जातात? गटातली मुलं शिक्षकापेक्षा जास्त असली की अटेंडंट रांगेतल्या एखाद्या अनोळखी मोठ्या माणसाला "यांना घेऊन जाल का" असं विचारतात. पद्धत वाईट नाही, पण त्या माणसाला बार घ्यायला सांगितलं जातं का, हे कळलं पाहिजे. चांगला शिक्षक या प्रश्नांनी वैतागत नाही. जो वैतागेल त्याच्याकडे मूल ठेवायचं की नाही हे तुम्हीच ठरवा. आणि हो, रांगेत कधी तुमच्याच शेजारी असं परकं पोर दिलं गेलं, तर त्याला आपलंच समजून मागे ओढून बसवा आणि बार घ्या.

उतरण्याबद्दल फार लिहीत नाही, तुमच्या मुलांना ते येत असणार. बार कुठे उचलायचा याची पाटी शेवटच्या खांबापाशी असते. त्याआधी उचलायची घाई नको, काही जण निम्म्या वाटेतच उचलून मोकळे होतात. स्कीची टोकं वर, बर्फ लागला की उभं राहायचं आणि सरळ पुढे निघून जायचं. उठायचा क्षण चुकला तर उशिरा उडी मारायची नाही. बसून राहायचं, पुढे लिफ्ट थांबवणारी दांडी असते, ती पायाला लागली की लिफ्ट आपोआप थांबते. लिफ्ट मधेच बंद पडून वीस मिनिटं लटकावं लागलं तरी बार खालीच ठेवायचा. कंटाळून बार उचलणं आणि खालचा बर्फ मऊ दिसतोय म्हणून उडी मारण्याचा विचार करणं, हे दोन्ही वेडेपणाचे आहेत. फारच वेळ लागला तर स्की पेट्रोलवाले दोरीने उतरवतात, त्यांचा त्याचा सराव असतो.

राहिल्या सासूबाई. त्यांना उघड्या खुर्चीवर बसवू नका, बार असला तरी. हिवाळ्यात बहुतेक चेअरलिफ्टवर स्की नसलेल्यांना घेतच नाहीत, आणि जिथे घेतात तिथेही चालत्या खुर्चीवर चटकन बसणं आणि घसरड्या बर्फावर चटकन उतरणं त्यांच्या गुडघ्यांना झेपणारं नाही. त्यांना गोंडोलात न्या. बंद केबिन, बाकावर निवांत बसायचं, दारं आपोआप लागतात, वारा नाही. ब्रेकनरिजला गावातून डोंगराच्या पायथ्याशी जाणारी गोंडोला फुकट आहे, ती पहिल्या दिवसासाठी उत्तम. गोंडोलाही पूर्ण न थांबता हळू सरकत असते, तेव्हा चढताना अटेंडंटला सांगून ती आणखी हळू करून घ्या आणि आधी तुम्ही चढून त्यांना हात द्या. ब्रेकनरिज साडेनऊ हजार फुटांच्या वर आहे, म्हणून पुण्या-मुंबईहून उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी नेऊ नका, चार दिवस डेन्व्हरला राहू देत. त्यांना बीपीच्या गोळ्या चालू असतील तर निघण्यापूर्वी तिथल्या डॉक्टरांशी बोलून घ्यायला सांगा. साडीवर घालायला लांब कोट आणि खाली लोकरीची लेगिंग लागेल, ती आत्ताच घेऊन ठेवा.